राखेतली पावलं

जुने गडी भेटले की हुतूतूच्या गोष्टी निघतात. एक सांगितली की तिच्या पाठीला दुसरी येते. मी मोजक्याच सांगतो. वाढवून सांगायची मला सवय नाही.

लढाईचा काळ. कुंडलच्या आमच्या टीमचे वस्ताद तात्या. ते गडी निवडायचे ते पाठमोरे बसून! मैदानावर गुऱ्हाळाची चाळलेली राख पसरायची. गड्यानं एका दमात 'हुतूतू' म्हणत पल्याडची रेघ शिवून यायचं. तात्या नुसता आवाज ऐकायचे, मग उठून राखेतली पावलं बघायचे.

"अंग बघून बैल घेत्यात," म्हणायचे.

*

पलटणीतला एक शिपाई रजेवर आला होता. छाती दाराएवढी. रेघेवरून हरणासारखा उडाला. टाळ्या पडल्या!

तात्या पाठमोरेच. "दोनदा दम तुटला. घरी जा."

"आवं, म्या एकदाच श्वास घेतला!"

"मग दुसरा कुणाचा हुता?"

शिपाई मागं न बघता गेला.

*

मला टीममध्ये जागा हवी होती. दुसरं काही नको होतं. गुळाची ढेप मी एका हातानं उचलायचो. पण तात्यांनी तीन वर्षं माझी पावलं बघितली आणि तिन्ही वर्षं म्हणाले, "पाय बैलाचा हाय."

घेतला कोण? बाबालाल पिंजारी. काडीसारखा. डाव्या पायाची करंगळी कुऱ्हाडीनं गेलेली.

"आवं तात्या, ह्यो फुंकरीनं उडंल!"

"मग मार की फुंकर."

मी झेपावलो. बाबालाल मला शिवून रेघेपलीकडं. माझ्या मुठीत राख!

*

सांगलीच्या मॅचला बाबालालवर सहा जण पडले. तोंड मातीत, पाठीवर गुडघे. तरी 'हुतूतू' चालूच, जमिनीखालून आल्यासारखं! भ्यालेल्यांची पकड सुटली. बाबालाल चालत परत आला.

"एवढा दम कुठनं आणलास रं?"

"माजा कवाच सुटला हुता गड्या. मला वाटलं, तुमी म्हणताय."

*

त्या पावसाळ्यात बाबालाल तापानं तीन दिवसांत गेला. दसऱ्यानंतर साताऱ्याला मॅच. त्याची जागा रिकामी. तात्यांनी पुन्हा राख पसरली.

मी दम घेतला. अंग एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. पल्याडची रेघ शिवून परत आलो.

"घ्या ह्याला," तात्या पाठमोरेच म्हणाले. चौथ्या वर्षी!

मग ते उठून राखेपाशी वाकले. आम्हीही वाकलो. पावलांचा एकच माग होता, जाऊन आलेला. डाव्या पावलाला चारच बोटं.

मी पायांचे तळवे वर करून बघितले. राखेचा कण नव्हता.

तात्यांनी धोतराला हात पुसले.

"उद्या साताऱ्याला गाडी जुपताना," ते म्हणाले, "एक जागा जादा ठिवा."