कोपऱ्यातला टारफुला

हातकणंगल्याच्या स्टेशनवर मला सोडायला वडील, आमचे अण्णा, एकटेच आले होते. अव्वा, म्हणजे आमची आई, दारातूनच माघारी फिरली. "शेतात काम हाय," म्हणाली आणि खुरपं घेऊन चालायला लागली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी पीएचडीला हैदराबादला निघालीय आणि हिला तणाची भांगलण सुचतेय, याचा मला भयंकर राग आला होता. अण्णांचं वेगळंच चाललेलं. गाडी हलेपर्यंत ते विचारत होते, "तण काढाय डॉक्टर कशाला व्हाया लागतंय गं?"

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हा प्रश्न अजून पडत असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांनाही घरून असलंच काहीतरी ऐकावं लागलं असणार. मी तणशास्त्रज्ञ झाले, आणि त्यातही टारफुल्याची. टारफुला उसाच्या, ज्वारीच्या मुळांवर जगतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक, वर्षानुवर्षं मातीत गप्प पडून राहतं. पिकाचं मूळ जवळ आलं, त्यातून पाझरणारा रस लागला की जागं होतं आणि मुळाला तोंड लावतं. वर फूल दिसेपर्यंत खालचं काम उरकलेलं असतं. ग्लासहाऊसमध्ये कुंड्यांच्या रांगांतून फिरताना मला वाटायचं, ही माती कान देऊन ऐकतेय. सहकाऱ्यांना कधी सांगितलं नाही. डिपार्टमेंटमध्ये मी एकटीच बाई, वर आणि भित्री म्हणवून घ्यायची हौस नव्हती.

शेजाऱ्यांच्या फोनवरून अव्वा दरवर्षी पावसाळा सरता सरता एकच सांगायची, "तुझं आलंय बघ." काय आलंय, म्हणून विचारलं की फोन ठेवून द्यायची. मला वाटायचं, एखादं स्थळ आलं असेल.

अण्णा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ बाळू याचा फोन आला. "आक्का, ऊस उभ्या उभ्या करपाय लागलाय. पानी हाय, खत हाय, तरीबी." मी सुट्टी टाकून गेले. बांधाच्या कोपऱ्यापासून पट्टा पिवळा पडत आत सरकला होता, आणि उसाच्या बुडाशी टारफुल्याची बारकी पांढरी फुलं. कोपऱ्यातल्या एका रोपाभोवती मात्र दगड मांडलेले. त्यावर ताजं हळदकुंकू होतं.

"घरचं मानूस भायेर असलं की कोपऱ्यातलं एक तण उपटायचं न्हाय," अव्वा म्हणाली. "माझ्या म्हायेरची रीत हाय. ते हिरवं हाय तवर मानूस बरं असतंय. बाकी सगळं भांगलतो मी, ह्येला हात लावत न्हाय."

मी हैदराबादला निघाले त्या दिवशी तिला शेतात काय काम होतं आणि दरवर्षी फोनवर माझं काय यायचं, ते तेव्हा कळलं.

"अण्णा दवाखान्यात हुते, तवा त्यास्नी बी एक ठेवलतं," ती म्हणाली. "दुपारी वाळलं."

अण्णा त्याच संध्याकाळी गेले होते. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. तण आपल्या हंगामानं वाळतं, हे मला पाठ आहे, तरीही.

"अव्वा, मी आता इथंच आहे ना? मग उपटूया हे."

"ऱ्हानार हायस?"

सुट्टी संपेपर्यंत, मी म्हटलं. "मंग न्हाय," म्हणाली आणि ती दगड नीट करायला लागली.

एका रोपातून हजारो बिया पडतात. अजून दोन-तीन हंगामांत अख्खं शेत गेलं असतं, आणि बाळूची दोन लेकरं त्याच शेतावर होती. मी रोपाला हात लावला नाही. बाळूला म्हटलं, ऊस मोड आणि सोयाबीन पेर. सोयाबीनच्या मुळातूनही तसाच रस पाझरतो. बी जागं होतं, कोंब काढतं, पण ते मूळ त्याला धरता येत नाही आणि ते मातीतल्या मातीत मरतं. साध्या भाषेत सांगायचं तर खोटी हाक मारायची. माझं नाव झालं ते याच कामानं. शेत वाचलं. आजही कुणी विचारलं तर हाच सल्ला देईन.

काही वर्षांत टारफुला यायचा थांबला, कोपऱ्यातला माझाही. अव्वाचे फोन बदलले. "कोपरा रिकामाच हाय. बरी हायस नव्हं?" मी बरी आहे म्हणायचे. "आवाज तर तिचाच वाटतोय," असं ती बाळूला म्हणायची, मला ऐकू येईल असं. मग फोनवर येणंच तिनं बंद केलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ती दारातल्या कट्ट्यावर बसलेली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"या पावणं. कुनाकडं आलाय?"

"अव्वा, आक्का हाय की," बाळू म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो कुणा परक्या बाईला घरात घुसवतोय. पण उठून मला तांब्याभर पाणी दिलं. चेष्टा करत असेल म्हणून मी तिचं तोंड निरखलं. चेष्टा नव्हती. काय करताय म्हणून मी विचारलं.

"लेकीची वाट बघतोय," ती म्हणाली. "औंदा बी उगवली न्हाय."

मला रडू आलं, आणि खरं सांगते, तिची भीतीही वाटली.

हैदराबादला कुणी घर कुठलं विचारलं की मी अजून कोल्हापूरच सांगते. सवड मिळाली की जाते, कट्ट्यावर तिच्या शेजारी बसते. येईल की, म्हणते. मग आम्ही दोघी माझी वाट बघत बसतो.