आठाचा झाला सहा

त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, अगदी वयाने मोठे असलेलेही. वजनखोलीत बसून कापडाच्या वजनावरून रंगाच्या भुकटीचा हिशेब करायचा, काट्यावर तोलून डबे मशीनकडे पाठवायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम.

उजेडावर चालणारा कॅल्क्युलेटर तिथे कधीच टिकला नाही. भुकटी उडू नये म्हणून खिडकी बंद आणि दिवा मिणमिणता. आकडे विझले की ताई त्याला व्हरांड्यात न्यायची, आजाऱ्याला उन्हात बसवावं तशी. मग सेलवर चालणारा कॅल्क्युलेटर आला. सेल मागायला गेलं की स्टोअरकीपर कपाळाला आठ्या घालायचा. "ताई, सेल खाता की काय तुम्ही? मागच्याच महिन्यात दिला!"

"खाऊन पोट भरलं असतं तर डबा कशाला आणला असता?"

पण सारखं तोंड वेंगाडायचा तिलाही कंटाळा आला होता. त्या दिवशी दुपारी आकडे फिकट दिसत होते. दोनदा मागून सेल मिळाला नव्हता, तिसऱ्यांदा स्टोअरचा जिना चढायचं तिच्या जिवावर आलं. आठ किलोच्या आठाची एक काडी उमटलीच नाही. ताईने सहा वाचला आणि सहाच तोलला.

संध्याकाळी गडद निळ्याऐवजी धुऊन विटल्यासारखं कापड बाहेर आलं. साहेब थेट मशीनवाल्या काकांवर घसरले. काका खालमानेने हात पुसत राहिले. साठीला टेकलेला माणूस, उलट बोलायची सवय नव्हती.

ताईने हिशेब हाताने करून पाहिला, तर आठ आले. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. ती पुढे झाली. "त्यांना बोलू नका. चूक माझी. आकडा मी चुकीचा वाचला."

तिला लेखी ताकीद मिळाली आणि कापड पुन्हा रंगात घालावं लागलं. आठवड्याने साहेबांनी वायरवाला मोठा कॅल्क्युलेटर धाडला. आता सेलची कटकट नाही, म्हणाले. पण खोलीतला एकुलता प्लग दाराजवळ, काटा पार दुसऱ्या टोकाला. लांब वायर नियमात बसत नव्हती. दिवसातून शंभरदा येरझारा घालून ताईचे गुडघे भरून आले. घरी मुलीने पाय चेपायला घेतले, तर चेपता चेपताच आईला डुलकी लागली.

पाचव्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "हे यंत्र माझ्याकडे येत नाही. मग मला काट्यासकट त्याच्याकडे न्या, नाहीतर माणूस बदला."

साहेब हसले, मग तिच्या पायांकडे बघून हसायचे थांबले. जेवणाच्या सुट्टीत काकांनी तिघांना हाताशी धरून काटा दाराशी सरकवला. वाऱ्याने पारडं हलायला लागलं, म्हणून दार लावून घ्यावं लागलं. खोलीत आणखी उकडायला लागलं.

"रिटायर व्हायला किती वर्षं राहिली, ताई?" काकांनी घाम पुसत विचारलं.

"दोन."

"जातील."

पुढच्या लॉटची चिठ्ठी आली होती. ताईने चष्मा पुसला, आकडा दोनदा वाचला आणि डबा ओढला.