शांततेची पाटी

पनवेलच्या सुनंदा वैशंपायन १९९१च्या सुमारास खेड्यांतल्या ग्रंथपालांना प्रशिक्षण देत. 'वाचनालयात शांतता हवी' हा त्यांचा पहिला धडा. पुढे नवे उपक्रम आखण्यासाठी त्या जासईला गेल्या, तर वाचनालयाचा ओटा ओस पडलेला. एरवी ग्रंथपाल जनार्दन तिथे रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि अक्षरओळख नसलेले म्हातारे ऐकता ऐकता हुज्जत घालीत.

"मंडळी कुठं गेली?"

"तुमीच शिकवलंत ना बाई, गलका नको. पाटी लावली मी. आता नुसत्या पाली हायेत, गप बसून."

सुनंदाबाईंच्या आराखड्यातला पहिलाच उपक्रम होता, निरक्षरांसाठी प्रकट वाचन. त्यांनी तो कागद पिशवीत सारला, पाटी स्वतः उतरवली.

"चला, त्यांच्या घरी जाऊ. माफी मलाच मागायला हवी."