डोहाळजेवणाची तपकिरी साडी

आमच्या सासरी लेकराच्या अंगाची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे. माझा मुलगा तीन दिवसांचा असतानाच सासूबाईंनी त्याला उलटापालटा करून पाहिलं आणि निकाल दिला. नाक आमचं, कपाळ आमचं, बोटं आमच्या थोरल्याची. पुढं तो वर्गात पहिला आला तेव्हा डोकंही आमचंच निघालं. आळंदला, म्हणजे माझ्या माहेराला, मिळालं ते हट्टीपणा, बारमाही सर्दी आणि वाईट अक्षर. मी भालकीच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. लेकरात निम्मं आईचं आणि निम्मं बापाचं येतं, हे दरवर्षी फळ्यावर सिद्ध करते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरात हरते.

पण माहेरासाठी एवढं भांडणाऱ्या माझ्याच मनात अप्पांबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, एक राग होता. हाच मुलगा पोटात असताना सातव्या महिन्यात माझं डोहाळजेवण झालं. आमच्या भागात त्या दिवशी माहेरहून हिरवी साडी यावी लागते, दुसरा रंग चालतच नाही. आई आदल्याच वर्षी गेली होती. अप्पा एकटे दुकानात गेले आणि साडी घेऊन आले. भर बायकांत मी पिशवी उघडली तर आत चक्क तपकिरी साडी. कुणीतरी म्हणालंच, "अगं बाई, हिरवं संपलं होतं व्हय आळंदला?" सासूबाईंनी घाईघाईनं आपली एक हिरवी साडी काढून मला नेसवली. ती नेसून मी अप्पांच्या पाया पडले, तर ते खुशीत म्हणाले, "चांगली दिसायलीस." आपण काय आणलं आणि लेक काय नेसली, याकडं या माणसाचं लक्षही नाही! मला इतकं लागलं की त्यानंतर मी अप्पांच्या हातची साडी कधी घेतली नाही. दर नागपंचमीला ते विचारायचे, मी म्हणायची, "कपाटात जागा न्हाई." बावीस वर्षं माझ्या कपाटात जागा झाली नाही. हट्टीपणा आळंदचाच, हे सासूबाईंचं अगदीच खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी मुलगा रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरच्या लेखी परीक्षेत पास झाला. पेढे वाटून झाले आणि मग डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. म्हणाला, "सगळ्यांना आकडा दिसायलाय, मला नुसते ठिपके." त्याला तांबड्या-हिरव्यातला फरक नीट कळत नव्हता आणि हे बावीस वर्षं विज्ञानाच्या बाईंच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "हे आळंदचंच!"

मी सवयीनं भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हा धडा मीच शिकवते. बाईजवळ एक्स नावाची गुणसूत्रं दोन, पुरुषाजवळ एकच. तांबडा-हिरवा ओळखायची सोय त्याच एक्सवर असते. बाईचा एक एक्स बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो, तिला पत्ताही लागत नाही. मुलाला मात्र एक्स मिळतो तो फक्त आईकडून, आणि तोच बिघडलेला निघाला तर सांभाळायला दुसरा नसतो. म्हणजे मुलाला हे माझ्याकडून आलं. आणि मला कुणाकडून?

तेव्हा मला टोमॅटो आठवले. अप्पा एकटे बाजारला गेले की हिरवेकच्च टोमॅटो आणायचे. आम्ही हसलो की ऐटीत सांगायचे, "कच्चे लई दिवस टिकतात." आई सोबत गेली तरच घरात लाल टोमॅटो यायचे. पिकून लाल झालेल्या मिरच्या तोडायलाही आईच पुढं असायची. ती अप्पांना कधी हसली नाही. तिला ठाऊक असणार. आणि साडी आणायच्या वेळी नेमकी तीच नव्हती. मला फार लाज वाटली. शिवाय सासूबाई बरोबर निघाल्या होत्या, ते मला अजून पचलेलं नाही.

पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आळंदला गेले. तो रेल्वेतच दुसऱ्या जागेसाठी अर्ज करीन म्हणत होता, पण वाटभर खिडकीबाहेरच बघत बसला. कपाटाच्या तळाची तपकिरी साडी मी सोबत घेतली होती. आईच्या खोलीत जाऊन ती नेसले. अप्पांना काय काय विचारायचं ते वर्गात विचारावं तसं ठरवून ठेवलं होतं. बाहेर आले तर अप्पा सुपात तूर निवडत बसले होते.

"ही कुठली गं?"

"तुम्हीच आणलेली. डोहाळजेवणाची."

अप्पांनी सूप खाली ठेवलं. "दोन तास बसलो होतो दुकानात. तुझी आई असती तर चटकन उचलली असती. दुकानदार मदतीला आला, तर म्हटलं तू सरक, लेकीची साडी हाय, मीच निवडतो." मग साडीकडं बघत म्हणाले, "हिरवं शोभतंय तुला. कामून नेसत न्हाईस?"

माझे ठरवलेले प्रश्न तसेच राहिले. अप्पांना स्वतःबद्दल ठाऊक होतं की नाही, ते मी अजूनही विचारलेलं नाही. इतक्यात दारातून मुलगा आत आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलला, "आई, ही हिरवी कवा घेतलीस? मस्त हाय."

मला रडू आलं आणि हसूही आलं. त्या घरात आम्ही तिघं होतो आणि त्यातल्या दोघांना साडी हिरवी दिसत होती.

"अप्पा," मी म्हटलं, "या पंचमीला मला साडी पाहिजे. तुम्ही आणि नातू, दोघंच जाऊन आणा."