हिलालच्या चौकशीतलं भरीत

हिलाल आमच्या तालुक्याच्या तुरुंगात शिपाई होता. मी गवंडी, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात तिथली मागची भिंत बांधत होतो. तो समोर बसून खुर्ची झिजवायचा. अंग हलवायचा ते फक्त भरितासाठी.

एक दिवस त्याने तोताराम नावाच्या कैद्याला भिंतीबाहेर काढलं. तोताराम बोदवडकडचा, भरीत करावं तर त्यानेच. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या, निखाऱ्यांचा आर झाला, वांगी आरावर गेली. मग हिलालला आठवलं, कांद्याची पात राहिली. कैद्याला तसाच सोडून तो बाजारात गेला, आणि नेमके जेलर आले.

हिलाल निलंबित झाला. चौकशीला धुळ्याहून साहेब आले. नोकरी गेल्यातच जमा होती. हिलालच्या बायकोने, धुरपदाबाईने, माहेरी निरोपही धाडला : म्हैस बघून ठेवा, हे आता दूध घालतील.

साक्षीदार मी. साहेबांनी विचारलं, "शिपाई गेल्यावर कैदी काय करत होता?"

"काम. वांगी फिरवत होता. हात थांबला नाही."

मग तोतारामला, "पळाला का नाहीस?"

"वांगा आरवर व्हतात साहेब. सोडीसन कसा पळू? बठ्ठा जयी जातात ना!"

वांगी जळतील म्हणून कैदी पळाला नाही, हे साहेबांना पटेना. म्हणाले, "जागेवर चला. तसंच्या तसं करून दाखवा."

पुन्हा जाळ झाला. तोतारामने वांगी सोलली, मिरची-लसूण घालून मुसळाने ठेचली. वास सुटला तशी साहेबांची खुर्ची पुढे सरकली.

"यात पात नसते का?"

"तीच आनाले गयथू त्या दिन," हिलाल म्हणाला.

"मग आणा की!"

हिलाल गेला. साहेबांनी जेलरांना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बघायला आत पाठवलं आणि स्वतः हात धुवायला नळावर गेले, भिंतीकडे तोंड करून.

हिलाल पात घेऊन आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग अगदी गरिबासारखा म्हणाला, "साहेब, कैदीपाशी आते कोन शे?"

साहेब ओल्या हातांनी वळले. जेलर भाकरी घेऊन दारात थबकले. तोताराम तेल सोडत होता, त्याने मानही वर केली नाही.

"पात बारीक चिरा," साहेब शेवटी म्हणाले.

हिलाल ताकदीवर सुटला नाही, ताकिदीवर सुटला. म्हैस घ्यायची राहिली. खुर्ची पुन्हा झिजू लागली.

पात मी चिरली. त्याने नुसती आणली होती.