रतिलालने मळा गुजरातेत नेला

धुळ्याच्या रतिलालने आयुष्यभर मोर्चे नेले. तहसीलवर, विजेच्या ऑफिसावर, एसटी डेपोवर. पण केळीचा अख्खा मळा उचलून गुजरातेत नेला तो एकाच दुपारी.

शाळा नववीत सुटलेली. पुढचं सगळं त्याने वाचून आणि भांडून मिळवलं; त्यातलं वाचून किती, हे तो सांगत नसे. सेक्स्टंटही तसाच मिळवला. अलंगला जहाजं तोडणाऱ्या मजुरांच्या सभेला गेला आणि तिथल्या जुन्या बाजारातून ते पितळी यंत्र घेऊन आला. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं आणि त्यावरून भर समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं. धुळ्यात आपण कुठे आहोत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तरी तो तीन वर्षं गच्चीवरून ते काढत राहिला. सुट्टीत येणाऱ्या भाचीला, भूमिकालाही त्याने शिकवलं. ती थेट जहाजावरच्या अधिकाऱ्याच्या कोर्सची प्रवेश परीक्षाच पास झाली.

आता फॉर्मवर बापाची सही हवी होती. बाप लीलाधर, रावेरकडचा केळी बागायतदार.

"पोरगी पाण्यात वाट चुकली तर?" तो म्हणाला. "रतिलाल, तूच शिकवलं ना तिले? मंग माझा मळा कुठी आहे ते त्या यंत्रानं काढून दाखव. बरोबर निघालं तर सही."

"दाजी, माझ्या डाव्या हाताचं काम ते."

डिसेंबरातली दुपार. रतिलालने आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. उगाच कोणी फसवल्याचं म्हणायला नको. रावेरात समुद्राचं क्षितिज नाही, म्हणून परातीत ट्रॅक्टरचं काळं ऑइल ओतलं. त्यात सूर्य आरशातल्यासारखा दिसू लागला. वरचा सूर्य आणि परातीतला सूर्य यांच्यातल्या कोनाचा निम्मा म्हणजे उंची. परात बहिणीची, लताबाईची, कणकेची.

"भाऊ, ती परात आते तुना घर लई जाय," ती म्हणाली.

रीत सोपी. दुपारआधी सूर्याची उंची मोजून वेळ लिहायची. कलताना तो पुन्हा त्याच उंचीवर आला की दुसरी वेळ. दोन्हींच्या मधोमध त्या जागेची खरी दुपार, आणि ती घड्याळात किती वाजता झाली त्यावरून पूर्व-पश्चिम कळते; दुपारच्या उंचीवरून उत्तर-दक्षिण. लताबाई भिंतीवरच्या घड्याळात बघून खिडकीतून वेळ सांगत होती.

"मामा, ते घड्याळ..." भूमिकाने सुरुवात केली.

"तू लिही. मी उभा आहे ना इथे?"

तासाभराच्या आकडेमोडीनंतर रतिलालने नकाशावर ऐटीत बोट ठेवलं. उत्तर-दक्षिण बरोबर होती. बोटाखाली व्यारा होतं.

लीलाधरने वाकून नाव वाचलं. "म्हणजे मी रोज गुजरातेतून रावेरले दूध घालाले जातो."

रतिलाल तापला. आधी ऑइलवर, मग सूर्याच्या गणिताची पुस्तकं छापणाऱ्यांवर. त्यांच्या नावाने निवेदनाच्या दोन ओळी लिहूनही झाल्या.

"मामा," भूमिका हळूच म्हणाली, "घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. भुसावळची गाडी चुकू नये म्हणून पप्पा ठेवतात."

दहा मिनिटांत सूर्य अडीच अंश सरकतो. तिने तेवढं पूर्वेला सरकून नकाशावर नवी खूण केलीही होती. ती मळ्यापासून जेमतेम दोन कोसांवर होती.

'मग घड्याळ पुढे केलं कोणी?' हे रतिलालच्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर दाजी उठून गेला असता आणि सही राहिली असती. दिलेलं एकही निवेदन जन्मात मागे न घेतलेल्या माणसाने त्या दोन ओळी खोडल्या.

"चूक माझी. ती सांगत होती, मीच ऐकलं नाही."

हे कोण बोललं ते बघायला लताबाई बाहेर आली.

लीलाधरने फॉर्म ओढला. "तुझ्यासाठी नाही करत सही. जहाजावर तुझ्यासारखा एखादा असंनच. त्याच्यावर ध्यान ठेवाले कोणी पाहिजे."

हा मान की अपमान, हे रतिलालला लगेच कळेना. तोवर भूमिकाने शाई फुंकून फॉर्म पिशवीत टाकला होता.