फडताळातला टँकर

ये गं, इकडे जवळ बस. आल्यापासून पर्स खांद्यालाच आहे तुझी, परक्याच्या घरी आल्यासारखी. चहा संपला की घड्याळ बघतेस. अशी कशी गं तू? आज तुझ्या बाळंतपणाचं बोलते. तेव्हा तू फोन आपटलास, आणि मग मीही तो विषय काढला नाही.

नालासोपाऱ्यात आचोळ्याला हे घर घेऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. नळ होते, नळाला पाणी नव्हतं. लाइन येतेच आहे, असं बिल्डर म्हणाला होता. तोवर टँकर. खाली हॉर्न वाजला की पोळी तव्यावर टाकून पळायचं, पाइपापाशी बायकांशी भांडायचं आणि भरल्या कळश्या घेऊन तीन जिने चढायचे. तुझ्या बाबांची कंबर त्यातच गेली. तरी पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुला आणायच्या आधी मी स्वयंपाकघरातली फडताळं आवरायला काढली.

फडताळात पेपर घालायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. जुना काढायचा नाही, दर दिवाळीला त्याच्यावरच नवा. शाळा चौथीत सुटली माझी. नीट वाचायला मी या कागदांवरच शिकले, डबे उचलता उचलता. त्या दिवशी सगळे थर एकदम निघाले आणि मी तिथेच फरशीवर वाचत बसले.

सगळ्यात खालच्या पेपरात टँकर पहिल्या पानावर होता, फोटोसकट. शब्दाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, जसं काही गावात कुणी साहेब उतरलाय. वरच्या थरात तो आतल्या पानावर गेलेला, चिन्हं गळालेली, बातमी चार ओळींची. त्याच्या वर एका बिल्डरची जाहिरात, 'आमच्या इमारतीला टँकर लागत नाही' म्हणे. आणि अगदी वरच्या, गेल्याच दिवाळीच्या पेपरात, कोपऱ्यातल्या बारीक जाहिरातींत, टँकरवर ड्रायव्हर पाहिजे. नोकरी कायम.

कायम! तू येईपर्यंत लाइन येईल, असं मी धरून चालले होते. पण ज्या टँकरला कायमची नोकरी लागली, तो गाव सोडून कशाला जातोय? तुझं न्हाणं, बाळाची अंघोळ, लंगोट, दुपटी. कुठून आणणार होते मी एवढं पाणी?

संध्याकाळी बूथवरून तुझ्या सासरी फोन लावला.

"बाळंतपण ठाण्यालाच होऊ दे गं."

"का?"

"इथे पाणी नाही."

"पाण्याची कारणं सांगू नकोस आई. मी नको असेन तर सरळ सांग."

आणि फोन ठेवलास.

मग मीच येत राहिले तुझ्याकडे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपली जुनी रीत. म्हणून टँकरचं पाणी उकळून बाटलीत भरून आणायची. तुझ्या सासूबाईंना हसू आवरेना. "अहो विहीणबाई, आमचा नळ धो धो वाहतोय, आणि तुम्ही नालासोपाऱ्याहून पाणी वाहून आणताय?" मीही हसले. काय करणार? तुझा मुलगा झाला त्या दिवशी तुमच्या नळाचं पाणी उभ्यानेच प्यायले, दोन पेले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस.

आता लाइन आलीय. दिवसाआड येतं, पण नळाला येतं. मी मात्र दमले गं. यंदा फडताळात पेपर घालायचेही राहिलेत, डबे उचलवत नाहीत. पिंप तेवढं अजून भरून ठेवते, सवयच ती.

जा आता, उशीर होतोय तुला. पण पुढच्या खेपेला ही पर्स खुंटीला लाव. मुलाला घेऊन चार दिवस राहायला ये. कढत पाण्याने न्हाऊ घालायचंय तुला, तेवढं राहूनच गेलंय. लवकर ये गं.